तळ्याकडचा रस्ता

"आता डावीकडे की उजवीकडे?" शिंपिणीने विचारलं आणि कमरेवर हात ठेवून ती फाट्यावर अशी उभी राहिली, जणू डागवाली आता पिशवीतून तळंच काढून दाखवणार.

डागवाली लाँड्रीत डाग काढायची. शाई असो, गंज असो, नुसता वास घेऊन ती कशाचा डाग ते सांगायची. म्हणून आख्खा बाजार तिला डागवाली म्हणायचा, आणि तिला त्याचं वाईट वाटण्याऐवजी ऐटच वाटायची. पण त्याहून मोठी ऐट होती ती रविवारची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. अबोल माणूस. दर रविवारी सकाळी उठून तो शहराबाहेरच्या तळ्यापर्यंत चालत जायचा. आणि सोमवारी डागवाली मैत्रिणींना सांगायची, "काल आम्ही तळ्यावर गेलो होतो. काय बदकं होती म्हणून सांगू!"

सगळी गोम त्या 'आम्ही'त होती. ती एकदाही गेली नव्हती. त्याने कधी 'चल' म्हटलं नाही, तिने कधी 'येऊ का' विचारलं नाही. नवीन लग्न झालेलं असताना कुणीतरी सहज विचारलं, "काल काय केलंत दोघांनी?" आणि तिच्या तोंडून थाप निघून गेली. निघाली ती निघाली. मग दर आठवड्याला तिला खाऊपिऊ घालणं आलं. थाप चांगली गुटगुटीत झाली. तिच्यात बदकं आली, वाटेतलं पडलेलं झाड आलं, ओढा आला. एकदा तर डागवाली पाय घसरून पाण्यात पडली आणि ह्यांनी हात देऊन तिला वर काढलं, इथपर्यंत मजल गेली.

नवरा जाऊन आता वर्ष होत आलं होतं. शिंपीण आणि नर्स या तिच्या जुन्या मैत्रिणी. "भावजींच्या तळ्यावर जाऊ या," शिंपिणीने टूम काढली, "रस्ता तू दाखव." डागवालीला एक सबब सुचेल तर शपथ. गुडघे दुखतात म्हणावं, तर गुडघे नर्सचे दुखायचे, आणि तीच सगळ्यात आधी छत्री घेऊन तयार.

फाट्यावर डागवालीने खाली पाहिलं. दर रविवारी दुपारी तिने त्याचे बूट घासले होते आणि त्यांना नेहमी लाल चिखल असायचा. उजवीकडची माती लाल होती.

"उजवीकडे," ती ठणकावून म्हणाली.

तिघी निघाल्या. वाट अरुंद झाली, मग काटेरी तारेखालून वाकून जावं लागलं, आणि तिथे शिंपिणीची बाही टर्रकन फाटली.

"लोकांचं शिवता शिवता जन्म गेला, आणि मी ही अशी," शिंपीण म्हणाली. "ते पडलेलं झाड कुठे गं?"

"नेलं असेल कुणी तोडून."

"आणि ओढा?"

"आटला असेल."

"झाड नेलं, ओढा आटला. तळं तरी ठेवलंय का?"

नर्स हसली नाही. ती मागून छत्री टेकत, एक पाय जरा ओढत येत होती. डागवालीने वेग वाढवला. आता पुढच्या वळणावर दिसेलच, असं ती तीन वळणांवर म्हणाली. चौथ्या वळणावर लाल माती संपली, ती थेट वीटभट्टीत.

सगळीकडे विटांचे ढीग. राखणदार खाटेवर उताणा पडला होता. "तळं?" तो उठायचे कष्ट न घेता म्हणाला. "ते तिकडे राहिलं. फाट्यावरून डावीकडे. पोरंटोरंसुद्धा जातात की."

डागवाली विटांकडे बघत राहिली. हे रविवारी इथे येत असतील? की तळ्याकडेही अशीच माती असेल? तिला तेही ठाऊक नव्हतं.

"रस्ता बदललेला दिसतोय," ती म्हणाली. "मागच्या खेपेला आम्ही आलो तेव्हा..."

"राहू दे गं," नर्स हळूच म्हणाली.

तोंडाचा पट्टा कधी बंद न होणारी शिंपीण मान खाली घालून फाटक्या बाहीचे दोरे ओढू लागली. डागवाली नर्सकडे वळली.

"काय राहू दे?"

नर्स विटांवर बसून गुडघा चोळू लागली. "रविवारी माझी सकाळची पाळी असायची. वॉर्डाच्या खिडकीतून तुमची गच्ची दिसते. तू चादरी वाळत घालत असायचीस."

"हिने मला कधीच सांगितलं होतं," शिंपीण म्हणाली. "म्हणून तर म्हटलं, तुला एकदा तरी बघायला मिळू दे. वाटलं, रस्ता तू विचारशील कुणाला तरी."

डागवालीचे कान तापले. थाप पकडली गेली हे एक वेळ चाललं असतं. पण ते सगळे सोमवार! पाण्यात पडल्याची गोष्ट सांगितली तेव्हा शिंपीण म्हणाली होती, "अगं बाई, फार लागलं नाही ना?" आणि नर्सने, सगळं ठाऊक असताना, डागवालीचा धडधाकट घोटा मांडीवर घेऊन दाबून पाहिला होता.

नर्सच्या गुडघ्यामुळे आता तळ्याचं नाव काढायची सोय नव्हती. तिघी रखडत सडकेला लागल्या आणि शहराकडची बस मिळाली. पुढच्या बाकावरची बाई वळून बसली. तिला बोलायला माणूस हवं होतं.

"कुठे गेला होतात?"

"तळ्यावर," शिंपिणीने झटकन सांगून टाकलं.

"अगं बाई! पाणी आहे का अजून?"

शिंपीण फाटकी बाही दुमडू लागली. नर्स पिशवीत काहीतरी शोधायला लागली. दोघींपैकी कुणीही डागवालीकडे पाहिलं नाही.

"माहीत नाही," डागवाली म्हणाली. मग तिने पुन्हा सांगितलं. "मला माहीत नाही हो. मी ते कधी पाहिलेलं नाही."

त्या बाईने तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि ती पुढे वळून बसली.

थोड्या वेळाने नर्स गुडघ्यावर हात रेटून उठली आणि तिने खिडकीची जागा डागवालीला दिली. वळणावर झाडांच्या मागे काहीतरी चकाकलं. तळं असेल, नाहीतर कुणाच्या गोठ्याचा पत्रा. डागवालीने ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. काय होतं ते तिने विचारलं नाही.