मुक्या घंटा

विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं आणि मिनासने हातातलं लाल निशाण जमिनीवर आपटलं. धावपट्टीच्या मधोमध निकीतासच्या शेळ्या निवांत रवंथ करत उभ्या होत्या. विमानाने एक घिरटी घातली आणि ते ऱ्होड्सला परत गेलं. मागच्या गुरुवारीही हेच झालं होतं.

आमच्या बेटाच्या विमानतळावर मिनास म्हणजेच सगळं काही. सामान तोच तोलतो, आग विझवायचं शिरस्त्राण तोच घालतो, जनावरं तोच हाकलतो. पण त्या दिवशी, मागच्या गुरुवारसारखीच, बाकावर त्याची लेक आर्होंदुला बॅग घेऊन बसली होती. अथेन्सच्या इस्पितळात तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. पुढच्या विमानाने गेली नाही तर ती जागा जाणार होती. समुद्र खवळलेला, बोट बंद. तिची आई सेवास्ती बाकावरून उठली. तिने बॅग उचलली आणि घरची वाट धरली.

मिनासला खटकत होतं ते वेगळंच. शेळ्या आल्या आणि घंटा कुणालाच कशी ऐकू आली नाही? आमच्याकडे नुसत्या घंटेवरून सांगतात, शेळी कुणाची ते. म्हणजे घंटेत कुणीतरी बोळा कोंबला होता. कुणी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. धावपट्टी निकीतासच्या कुरणावर बांधलेली, आणि तो राग त्याने कधी लपवला नव्हता.

मिनासने त्याला भर कॉफीच्या दुकानात गाठलं. "जमीन सरकारने घेतली तुझी. सूड माझ्या पोरीवर कशाला उगवतोस?"

निकीतास कपाकडे बघत राहिला. "शेळ्या माझ्या आहेत. एवढंच मी सांगू शकतो."

झालं, आम्ही तो कबुलीजबाबच समजलो. त्यानंतर त्याच्या टेबलाशी कुणी बसेना. मीही बसलो नाही.

मिनासने कुंपणाच्या फाटकाला नवं कुलूप घातलं. एक किल्ली कमरेला, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. तरी त्याच्या मनातली पाल चुकचुकतच होती. निकीतासने किल्ली बनवून घेतली असेल का? विमान बंद पडलं तर फायदा बोटवाल्याचा, त्याची फूस असेल का? अंथरुणात तो सेवास्तीला विचारत राही आणि ती कूस बदलून घेई.

गुरुवार उजाडला. डोकं दुखतंय म्हणून सेवास्ती निरोपालाही आली नाही. मिनास पहाटेपासून फाटकाशी बसला होता, पण सामान तोलायला त्याला आत यावंच लागलं. तेवढ्यात विमानाची घरघर ऐकू आली आणि बाहेर बघतो तर फाटक सताड उघडं. शेळ्या आवाज न करता आत शिरत होत्या.

यावेळी त्याच्याआधी निकीतास धावला. त्याने पुढची शेळी शिंगाला धरून वळवली, शीळ घातली, आणि कळप मुकाट्याने मागे फिरला. मिनासने जाऊन त्याची कॉलरच धरली. आम्हीही मागोमाग पोचलो.

निकीतासने शेळीच्या घंटेतून बोळा काढला आणि इतरांना दिसू नये असा मिनासच्या मुठीत कोंबला. मी अगदी शेजारी होतो, मला दिसलं. निळ्या काठाचं फाडलेलं फडकं, काठावर डाळिंबाची वेल. तसले टाके बेटावर एकच बाई घालते. रोजचा पाव मिनासच्या घरी त्याच कापडात गुंडाळलेला असतो.

मिनासची कॉलरवरची पकड आपोआप सुटली.

"तिन्ही वेळा फाटक मीच उघडलं," निकीतास आमच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला. "चूक माझी. जा आता, विमान उतरतंय."

आर्होंदुला गेली. मी तिची बाकावर राहिलेली शाल द्यायला संध्याकाळी मिनासकडे गेलो, तेव्हा तो कमरेच्या किल्लीशी चाळा करत दारात उभा होता. आत सेवास्ती चुलीशी पाठमोरी.

"पोचली?" तिने विचारलं.

"पोचली. फोन आला होता."

टेबलावर त्याने ते फडकं ठेवलं. ती चुलीपासून वळली. मग हळूच म्हणाली, "खिळ्यावरची किल्ली काढून घे. माझा भरवसा नाही."

"असू दे तिथेच," मिनास म्हणाला. "तेच विमान तिला घेऊनही येईल. तेव्हा फाटक तूच राख."

सेवास्तीने फडकं हातात घेतलं, झटकलं आणि त्यात पावाचा उरलेला तुकडा गुंडाळून ठेवला.