बायकांच्या दारावरची लीलाबाई

"मावशी, इथं नको बसू ना. मालक मले बोलते."

"मी काही आज नवी बसून नाही राह्यली, प्रेमलाल. एकवीस वर्षं इथंच बसली."

"हौ, पण तवा टाकीज होती. आता साड्याचं दुकान हाय."

वॉचमन प्रेमलालचं काही चुकत नव्हतं. सुगंधा टॉकीज पाडून तिथे काचेच्या भिंतींचं दुकान उभं राहिल्याला चार वर्षं झाली. पण जित्याची खोड! दुपारचे तीन वाजले, की लीलाबाईंचे पाय आपसूक बालाघाटच्या या चौकाकडे वळत. घरी वाट पाहणारं तरी कोण होतं?

टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर त्या तिकिटं फाडायच्या. खरं काम मात्र निराळंच. अंधारात पोर रडलं, की ते आईच्या मांडीवरून उचलायचं, व्हरांड्यात झुलवायचं आणि मध्यंतरात परत द्यायचं. लालबर्रा, तिरोडीहून आलेल्या बाया नावगाव न विचारता पोर हाती देत. एकदा दोन पोरांची अदलाबदल झाली. एक तर भलत्याच बाईच्या कडेवर थेट लालबर्र्याच्या बसमध्ये जाऊन बसलं, आणि लीलाबाई अनवाणी बसस्टँडपर्यंत धावल्या. तेव्हापासून त्या पोराच्या मनगटाला आईच्या तिकिटाचा अर्धा तुकडा दोऱ्याने बांधू लागल्या. त्या दोऱ्याचं रीळ अजून त्यांच्या बटव्यात असे.

एकवीस वर्षांत त्यांनी एक सिनेमा धड पाहिला नाही. गाणी तेवढी भिंतीपलीकडून पाठ झाली. स्वतःला मूल नव्हतं, पण त्याचं दुःख करायला हात रिकामे असावे लागतात. ते आता, या चार वर्षांत रिकामे झाले होते.

आत एक लेकरू रडायला लागलं. कोवळी आई एका हाताने साडी, दुसऱ्या हाताने पोर सांभाळत होती. प्रेमलाल अडवेपर्यंत लीलाबाई आत पोचल्यासुद्धा.

"दे बेटा, मले दे. तू पाह्य साडी बिनघोर. थांब, दोरा बांधते."

बटव्यातून दोरा निघालेला पाहून ती मुलगी दचकून मागे सरली. "कौन हो आप? हाथ मत लगाइए बच्चे को!"

तिला कोण दोष देणार? अनोळखी म्हातारी पोराला दोरा बांधू पाहते म्हटल्यावर कुणीही घाबरेल. लीलाबाईंनाही हे कळत होतं. प्रेमलालने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जरा हळूच धरलं त्याने.

"मावशी, घरी जाय आता."

"जाते. त्याले झोपू दे."

लीलाबाई पायरीवर बसल्या. आत पोर रडत होतं आणि इकडे त्यांची मांडी आपली हलत होती. बऱ्याच वेळाने आवाज थांबला.

मग ती मुलगी पिशव्या सावरत निघाली. लीलाबाई उठल्या, पदर नीट केला आणि पूर्वीसारखंच अंग चोरून दार धरून उभ्या राहिल्या. आईच्या खांद्यावर पोर गाढ झोपलं होतं. सवयीने त्यांची नजर त्याच्या मनगटाकडे गेली.

मनगट मोकळं होतं. मुलगी रिक्षात बसेपर्यंत त्यांनी दार सोडलं नाही.