मटार सोलता सोलता स्पॅनिश

कुमुदला स्पॅनिश चांगली येत होती, पण हात रिकामे असले की ती भाषा कुठेतरी दडी मारून बसायची. ही भानगड तिला गुडगावच्या इंटरव्ह्यूपर्यंत कळलीच नव्हती, कारण पंचवीस वर्षांच्या संसारात तिचे हात रिकामे होते कधी?

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर राजधानीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये मागे राहिला. कुमुदने तो जेवणाच्या टेबलावर मांडला आणि परमुलखातल्या बायकांचे व्हिडिओ बघायला लागली. पेरूची एक बाई अंगणात शेंगा सोलत शेजारणीच्या तक्रारी सांगे. अर्जेंटिनाची एक, करंजीची कड मुरडावी तशी तिकडच्या कुठल्याशा पदार्थाची कड मुरडत सुनेबद्दल बोले. स्पेनचे एक आजोबा बटाटे कापता कापता सरकारला शिव्या घालत. त्यांचे हात चालत तसे कुमुदचे चालत आणि ते बोलत तसं ती बोले. व्हिडिओ मध्येच अडकला की तेवढ्यात कांदा चिरून व्हायचा. अशी तीन वर्षं गेली.

नवरा दीनानाथ, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांचं एकच पालुपद. "अगं, तोंड कमी, हात चालव. भूक लागलीय यार!"

मिक्सर विकणाऱ्या कंपनीला दक्षिण अमेरिकेतले फोन घ्यायला माणसं हवीत, ही जाहिरात कुमुदने दाखवली तेव्हा ते हसले. "जा की. पण नापास झालीस तर हे इंटरनेट बिल्कुल बंद. खूप झालं."

"बरं," कुमुद म्हणाली. मनातून मात्र ती चरकली. पेरूची बाई, अर्जेंटिनाची बाई, ते आजोबा, सगळी एका फटक्यात घरातून जाणार होती. या फ्लॅटमध्ये दिवसभर तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

गुडगावपर्यंत मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. इंटरव्ह्यूच्या दिवशी स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरून तिने संध्याकाळच्या उसळीसाठी किलोभर मटार घेतले आणि कंपनीच्या काचेच्या इमारतीत शिरली.

समोर सुजय नावाचा तरुण मॅनेजर, दोन वर्षं माद्रिदला राहून आलेला. त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. कुमुदला सगळं कळलं, पण तोंडातून शब्द फुटेना. मांडीवरचे हात नुसते पडून होते.

"मॅडम, किस इन्स्टिट्यूट से सीखी है?"

"घर पे. व्हिडिओ देखके."

सुजयने पेनाला टोपण लावलं. ते बघून कुमुदचं डोकं सणकलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली, रुमाल पसरला आणि मटार सोलायला घेतले.

"मॅडम, ये ऑफिस है!"

"मालूम है. आप पूछो."

त्याने विचारलं आणि कुमुद सुरू झाली, ती थांबेचना. सुजयच्या कपाळावर आठी आली. "ये तो किचन की स्पॅनिश है. थोडी पेरू की, थोडी अर्जेंटिना की."

"और आपका मिक्सर कहाँ चलता है, बेटा? राजमहल में?"

सुजय चिडला. मग त्याने मुद्दामच चिडक्या गिऱ्हाइकाचं सोंग घेतलं आणि स्पॅनिशमध्ये ओरडला की मिक्सर गळतोय. कुमुदने आधी मिक्सरमध्ये काय वाटत होतात ते विचारलं, वाया गेलेल्या वाटणाबद्दल मनापासून हळहळली, आणि मग भांड्याखालची रबराची रिंग बघायला सांगितली. उत्तरं देता देता सुजयने एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे रुमालावर टाकले. दुसऱ्या शेंगेला त्याचं ओरडणं थांबलं. पाचवीला त्याने पेनाचं टोपण काढलं.

"सोमवार से आ जाइए," तो म्हणाला. "लेकिन ये मटर..."

"सोमवार को भिंडी लाऊँगी."

घरी दीनानाथ टीव्हीपुढे बसले होते. "काय, झाली हौस? चल, उसळ टाक. भूक लागलीय."

कुमुदने नेमणुकीचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर उरलेल्या मटारांची पिशवी. मग कॉम्प्युटर लावून पेरूच्या बाईसमोर खुर्ची ओढून बसली.

"अगं, हे काय?"

"सोला," मान न वळवता ती म्हणाली. "तोंड कमी, हात चालवा."