साखळीचा शोक

रविवारी सकाळी आमच्या मैदानावर ही गर्दी होती, पण गाडी चालवायला कोणी आलं नव्हतं. सगळे आले होते एका गाडीचं दुःख बघायला.

शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत माझ्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून हे मैदान उभं केलं. मातीचे रस्ते, खड्डे, चिखल, शेवटी एक उभा चढ, आणि त्यावर पळणाऱ्या जाड टायरच्या, बिनटपाच्या छोट्या कार्ट. दीर गेल्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर काही महिन्यांत त्याच्या लाडक्या लाल गाडीची साखळी दात सोडायला लागली. चढाच्या मध्यावर कट-कट-कट असा आवाज यायचा, गाडीचा दम जायचा आणि ती मागे घरंगळायची. पण हे व्हायचं फक्त दिराची बायको, माझी धाकटी जाऊ, बसली की. रोज सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी तीच गाड्या तपासायची.

लोकांना एवढं पुरे होतं. "नवऱ्याला खाल्लं, आता गाडी खातेय," असं तिच्या पाठीमागे बोलता बोलता तोंडावर बोलायला लागले. माझ्या नवऱ्याने साखळी तपासायला मेकॅनिक आणायचा, तर आणले स्पंदनबाबा.

बाबांनी लाल गाडी स्टँडवर चढवायला लावली, इंजिनावर निळं कापड घातलं, ते कोणी उघडायचं नाही असं बजावलं आणि इंजिन सुरू केलं. चाकं अधांतरी फिरली. साखळी लोण्यासारखी चालली.

"बघा, यंत्र शांत आहे," बाबा म्हणाले. "लोखंडाला मन असतं, मंडळी. विज्ञान आत्ता कुठे तिथवर येतंय."

"कुठलं विज्ञान?" मी विचारलं. मी शाळेत तेच शिकवते.

"पुढचं," ते म्हणाले. लोक हसले, मला.

मग त्यांनी दोऱ्याला बांधलेला पितळी गोळा काढला. एकेकाच्या डोक्यावर धरला. गोळा स्थिर. धाकटीच्या डोक्यावर धरला आणि तो डुलायला लागला, मग गोल फिरायला लागला. धाकटी ताठ उभी होती, जबडा आवळून.

"आता यंत्राची साक्ष," बाबा म्हणाले.

त्यांचा शिष्य लाल गाडीत बसला आणि निवांत चढ चढून वर गेला. हूं नाही की चूं नाही. मग धाकटी बसली. निम्म्या चढावर कट-कट-कट. गाडी मागे आली आणि खाली टायरांच्या ढिगावर आदळली. तिचा खांदा चांगलाच ठेचकाळला. तिला उठवायला माझ्याखेरीज कोणी पुढे आलं नाही.

"यंत्र शोक करतंय," बाबांनी डोळे मिटले. "हिचा स्पर्श झाला की त्याला मालक आठवतो. हिने या जागेत पाऊल टाकू नये. मैदानातला नावावरचा हिस्साही सोडावा. लोखंडाला कागदसुद्धा कळतात."

माझा नवरा मान खाली घालून म्हणाला, "बाबा म्हणतात तर तसं करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या जाण्याने हा माणूस खचला होता, हे मला माहीत होतं. पण खचलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर बुडवायची मुभा कुठे मिळते? मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटीच बोलली.

"दादा, हिस्सा सोडते. आधी या शिष्याला परत चढ चढू द्या. फक्त या वेळी पायथ्यापासून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. मी दाबते तसा."

शिष्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "त्याचं आज मौन आहे."

"पायाचंही?" मी विचारलं. या वेळी लोक हसले, पण मला नाही.

माझा नवरा चिडला. "लावा निकाल. मीच बसतो." त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. निम्मा चढ. कट-कट-कट. तो पांढराफटक होऊन खाली आला.

"एकाच घरातली छाया," बाबा म्हणाले.

"मग बाहेरचं कोणी या," धाकटी म्हणाली. गर्दीतून औषधाच्या दुकानाची मालकीण पुढे झाली. ती वर्षभर धाकटीकडे गाडी शिकत होती, हात साफ होता. तिनेही पूर्ण दाबला. साखळी तिथेच उडाली.

मी बाबांच्या हातून गोळा घेतला आणि शेडच्या खिळ्याला टांगला. धाकटीला त्याच्याखाली उभं केलं. गोळा हलला नाही. "खिळ्याला स्पंदनं कळत नसतील," मी म्हटलं. "मनगटाला बरी कळतात."

धाकटीने निळं कापड ओढून काढलं आणि उडालेली साखळी परत दातांवर बसवली. इंजिन ज्या पट्टीवर बसतं तिथे तिने खडूने एक सरळ रेघ मारली, अर्धी इंजिनाच्या पायावर, अर्धी पट्टीवर. गाडीचं नाक टायरांच्या ढिगाला टेकवलं आणि क्षणभर पूर्ण जोर दिला. इंजिन मागच्या चाकांकडे सरकलं. खडूची रेघ तुटली, दोन तुकडे झाले. साखळी पोटात लोंबली आणि दात सोडायला लागली.

"इंजिनाचे बोल्ट ढिले आहेत," ती म्हणाली. "हळू चालवलं, अधांतरी फिरवलं, की ताण येत नाही. चढावर जोर दिला की साखळी इंजिनालाच मागे ओढते आणि स्वतःच सैल पडते. गिऱ्हाइकं घाबरत चढतात. पूर्ण दाबते ती मी एकटी. आज शिष्य हळू चढला तेव्हा लक्षात आलं."

शिष्याचं मौन सुटलं. "मला सांगितलं होतं, चढावर पाय हलका ठेव," तो पुटपुटला. बाबांना साखळीचं सगळं ठाऊक होतं, तर. ते कापडाची घडी घालत होते. लोकांनी वाट अडवली. गोळा खिळ्यालाच राहिला.

तरी गर्दीतल्या एका आजींना राहवलं नाही. "पण मग तुझा नवरा गेल्यावरच का सुरू झालं गं?"

धाकटीने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "बोल्ट माझा नवराच आवळायचा, दर आठवड्याला. तो गेल्यावर दादांनी अवजारांच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. म्हणाले, अशा बाईचा हात नको लागायला. मग कोणीच आवळले नाहीत."

बाईला पाना धरू दिला नाही, म्हणून बोल्ट सुटले. बोल्ट सुटले, म्हणून साखळी उडाली. आणि साखळी उडाली म्हणून तिलाच हाकलायला निघाले. या गावंढळ तर्काला देवाधर्माचं, विज्ञानाचं, कशाचंही नाव द्या. तो क्रूरपणाच आहे.

माझ्या नवऱ्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "चुकलो," एवढंच म्हणाला. तिने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिने खोली उघडली, पाना घेतला आणि गाडीखाली शिरली.

मी शाळेत मुलांना सांगते तेच इथे सांगते. यंत्र बिघडलं तर यंत्र उघडा. बोट दाखवायला माणूस शोधू नका. आणि उघडू नका असं जो सांगेल, आधी त्याचाच हात धरा.