वाफ्याच्या कडेचा शेर

चकलांब्याच्या विठ्ठलराव पाटलांनी हैदराबादेत कुणा नवाबाची बाग पाहिली आणि तेव्हापासून त्यांच्या मनात तसेच वाफे भरले. मळ्यात त्यांनी शेवंती, गुलाब लावला, पण कडेला लावलेलं एकही झाड टिकेना. पाणी कमी, शेरडं मोकाट. माळीकाम करणारा आसाराम हात टेकून बसला होता. तेव्हा त्याची बायको कौशल्याबाई म्हणाली, "शेर लावा की. कांडी खोसली की जगती. शेरडू तोंड लावत न्हाई."

आसारामनं पांढऱ्या चिकाच्या त्या शेराच्या कांड्या कडेनं लावल्या. दोन वर्षांत गुडघाभर हिरवी कड उभी राहिली. पाटील खूश झाले. शाबासकी आसारामला मिळाली आणि कौशल्याबाईलाही त्यात आनंदच वाटला.

मग निजाम सरकारचे, जिल्हा सांभाळणारे तालुकदार साहेब दौऱ्यावर येणार, मळ्यात चहा घेणार, असा निरोप आला. "कड कशी सुतात पायजे," पाटील म्हणाले. आसाराम दुपारच्या उन्हात कातर घेऊन बसला. एक फांदी ताणली होती, ती सटकन मागं आली आणि पांढरा चीक त्याच्या दोन्ही डोळ्यांत उडाला.

त्याची आरोळी ऐकून कौशल्याबाई विहिरीवरून धावली. घागरीमागून घागर त्याच्या डोळ्यांवर ओतली. वैदूनं तुपात भिजवलेल्या घड्या ठेवून वर फडकं बांधलं. "पाच दिस सोडू नगा. मग बगू," एवढंच तो बोलला.

ती पाच दिवस एका जागी बसली नाही. भाकरी थापताना उठायची, निम्मं अंगण झाडून झाडणी टाकायची, पुन्हा त्याच्या उशाशी यायची.

"दुखतंय का?"

"आत्ताच इचारलंस की," आसाराम म्हणायचा. "बस ना जरा."

तिला बसवतच नव्हतं. शेर लावा म्हणून सांगणारी आपणच, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाटलांचा निरोप आला. साहेब उद्या येणार, अर्धी कड राहिली आहे, आसाराम नाही तर तू ये. ती गेली. कातर उचलली, पहिल्या फांदीला लावली. फांदी तिनं तशीच सोडली. कातर खाली ठेवून कुदळ घेतली. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घट्ट बांधला नि एकेक शेर मुळासकट उपटून मळ्याच्या बाहेरच्या बांधावर नेऊन टाकू लागली.

पाटील आले तेव्हा चार वाफे उघडे पडले होते.

"अगं, येड लागलं का तुला? उद्या साहेब येणार हायेत!"

"लागलं म्हणा." तिनं कुदळ थांबवली नाही. "फुलं तोडाया, पाणी द्याया माणसं हितंच वाकत्यात, पाटील. शेर बांधावर ऱ्हाऊ द्या. हितं नगं."

"आसारामनं लावला तवा कावून न्हाई बोललीस?"

तिची कुदळ थांबली. "त्यानं न्हाई. मी सांगितलं लावाया. त्याला बोल लावू नगा."

पाटलांनी तिनं खाली ठेवलेल्या कातरीकडे पाहिलं. मग गड्याला हाक मारून म्हणाले, "हिच्यासंगं धर रं. वाफ्यांच्या कडंला दगडं मांडा."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, चहा प्यायले, पाटलांच्या घोड्याची तारीफ केली आणि गेले. वाफ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाचव्या दिवशी तिनं स्वतःच फडकं सोडलं. उजवा डोळा पांढुरका, मिटलेलाच. डावा किलकिला झाला.

"काय दिसतंय?"

"तुझं नाक," तो हळूच म्हणाला. "आन् तू रडतीस."

मग तिनं सगळं सांगितलं. शेर आपणच सुचवला म्हणून हे झालं, आणि आता आपणच तो उपटला. आसारामनं हात चाचपत तिचं मनगट धरलं.

"लावताना मीबी हाय म्हणलो का न्हाई? मग?" तो म्हणाला. "जा, भाकरी करपायली."

ती उठली. चुलीपर्यंत जाऊन पुन्हा मागं वळून पाहिलं. तो एका डोळ्यानं तिच्याचकडे बघत होता.