शेराच्या बारा कुंड्या

"शेर छाटलास की हात धू. धुतलेस तरी डोळ्याला लावू नकोस. आणि घेणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय कुंडी फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही."

सासऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा वहिनी घरात नवी होती, आणि तिचा डावा डोळा त्यांनी अर्धा तास नळाखाली धरला होता. रोपवाटिकेत शेराच्या कांड्या छाटता छाटता तिने चिकाच्या हाताने घाम पुसला, एवढंच निमित्त. डोळा कायमचा धूसर झाला. तिने सासऱ्यांना शब्द दिला आणि ते होते तोवर पाळलाही.

आता सासरे नव्हते, नवराही नव्हता. रोपवाटिका दिराची होती. मागची खोली वहिनीची, म्हणजे दीर राहू देईल तोवर. शेराला हल्ली भलतीच मागणी होती. पानं नाहीत, नुसत्या पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्या. पाण्याची कटकट नाही, निगा नाही. गिऱ्हाइकाने शंका काढलीच तर दीर कांडी मोडायचा, पांढरा चीक तळहातावर चोळायचा आणि म्हणायचा, "हे बघा. झालं काही?" तीस वर्षं माती उपसून तो तळहात टाचेसारखा झाला होता. त्याला निखारासुद्धा विचार करूनच चटका देईल.

त्या सकाळी बालवाडीच्या बाई आल्या. वहिनी झारी घेऊन शेजारच्याच वाफ्यात होती. सगळ्या रोपांना पाणी घालून होईपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. नवरा गेल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता.

"मुलांचा हात लागला तर?" बाईंनी विचारलं.

दिराने कांडी मोडली, तळहात दाखवला. बाई हसल्या. बारा कुंड्या टेम्पोत चढल्या. वहिनी पाणी घालत राहिली.

शेवटची झारी रिकामी झाली तशी ती लगबगीने आली. "भाऊजी, बाईंना फोन करा. लहान मुलं आहेत हो ती."

"काय सांगू? आमच्या वहिनींना गुलाबातही साप दिसतो म्हणून?"

"चीक डोळ्यात गेला तर काय होतं, माझ्याकडे बघा."

"बघतोय की, इतकी वर्षं. आणि मघाशी तिथेच होतात ना? तेव्हा दातखीळ बसली होती?"

"माझा नेम होता."

"मग पाळा की दिवसभर! वर आणखी पुण्य. बालवाडीत जायचंच असेल तर पिशवी भरूनच जा. मला खतं ठेवायला खोली लागतेच आहे."

वहिनी खोलीत येऊन खाटेवर टेकली. त्याचं बाकी सगळं तिने पचवलं असतं. तो दातखिळीचा प्रश्न घशाखाली उतरेना. न बोलणं आपण देवाला वाहतो, असं ती नऊ वर्षं समजत आली होती. देवाने त्यातलं किती घेतलं कोण जाणे, दिराने मात्र पुरेपूर वापरलं. तिच्या शेजारून बारा कुंड्या गेल्या आणि तिच्या मनाला तेव्हा, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं की आज भांडण टळलं.

बालवाडी दहाला भरायची. सव्वानऊ झाले होते.

तिने कपडे पिशवीत भरले, खोलीची किल्ली दिरासमोरच्या टेबलावर ठेवली. त्याने वर पाहिलं नाही. टेम्पो गेला त्या रस्त्याने, उजव्या डोळ्याने खड्डे चुकवत, ती चालू लागली.