मंदाला बोलवायचं नाही

"ताई, तुमचा तो पितळेचा स्टोव्ह अजून आहे ना?" विमलाबाईंनी चपला न काढताच विचारलं. "चार दिवस द्याल काय?"

"घरात गॅस असताना स्टोव्ह कशाला लागतो तुम्हाला?"

"शूटिंगला," त्या बोलून गेल्या आणि लगेच पदराने तोंड पुसलं.

"कोणाचं शूटिंग?"

"हाय असंच. सिरियलवाल्यांचं."

विमलाबाई आमच्या 'खाडीकाठ चित्र' या चित्रपट कंपनीची कपडेपटाची बाई. सिरियलवाल्यांच्या साड्या बघून डोळे दुखतात असं म्हणणारी. मी माळ्यावरून स्टोव्ह काढून दिला. तो पिशवीत घालताना त्या म्हणाल्या, "त्याची पिन पण द्या हां. नायतर ओरडा खावा लागंल."

स्टोव्हची पिन. पडद्यावर जी कोणाला दिसणार नाही, दिसली तरी कळणार नाही, अशी पिन नाही म्हणून शूटिंग थांबवणारा माणूस या ठाणे जिल्ह्यात एकच होता. मी पिन दिली, दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिले. आमचा दिग्दर्शक सुधीर नवीन चित्रपट करत होता आणि त्याने मला बोलावलं नव्हतं.

मी बत्तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार खोटं बोलायच्या आधी पाणी मागतो, हे मला वकिलांच्या आधी कळायचं. त्यामुळे संशय हा माझा स्वभाव आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणते, ती सवय आहे, आणि तिच्यावरच मी दुसरी नोकरी केली. 'खाडीकाठ'मध्ये मी कंटिन्युइटी बघायचे. चित्रपटाचं एक दृश्य तुकड्या-तुकड्यांत घेतात. पहिल्या तुकड्यात बाईच्या डाव्या हातात कप असेल तर दुसऱ्यातही डाव्याच हातात हवा, चहाही तेवढाच हवा. ते बघत बसणारी बाई म्हणजे मी. "काहीतरी बदललंय" हे माझं सेटवरचं कायमचं वाक्य. सगळे माझी टिंगल करायचे आणि सगळे मला घाबरायचे.

'खाडीकाठ' निघाली ती आमच्या डोंबिवलीच्या नाटक मंडळाच्या भांडणातून. राज्य नाट्य स्पर्धेत आपटल्यावर मंडळ फुटलं. सुधीर तेव्हा कॉलेजात मराठी शिकवायचा. तो म्हणाला, आता नाटक पुरे, चित्रपट काढू. कॅमेरा कुठून आणायचा? कोलशेतचा उत्तम लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचा. त्याचा कॅमेरा मोकळा असायचा तो फक्त मुहूर्त नसतील तेव्हा, म्हणजे चातुर्मासात. म्हणून आमच्या चारही चित्रपटांत सगळीकडे चिखल, ओल आणि छत्र्या आहेत. पुढे एका समीक्षकाने त्यावर लेख लिहिला की, खाडीकाठच्या चित्रपटांत पाणी हे दुःखाचं प्रतीक आहे. उत्तमने तो लेख वाचून विचारलं होतं, "त्याला सांगू का, की तेव्हा लग्नं नसतात म्हणून?" थिएटरात आमचा एकही चित्रपट आठवडाभर टिकला नाही. पण बाहेरच्या महोत्सवांत बोलावणी आली, एकाला राज्य पुरस्कारही मिळाला आणि आम्ही नोकऱ्या सांभाळून, रजा जमवून, पुढचा चित्रपट करत राहिलो.

आमच्यात एक पद्धत होती. नवीन चित्रपट ठरला की सुधीर फोन करायचा नाही, कागद पाठवायचा नाही. प्रत्येकाच्या घरी स्वतः जायचा, स्वयंपाकघरात बसायचा आणि सगळी गोष्ट तोंडी सांगायचा. मी पोळ्या लाटत ऐकायचे. गोष्ट संपली की म्हणायचा, "मग निघायचं का?" तेच आमचं काँट्रॅक्ट. या वेळी तो विमलाबाईंकडे जाऊन आला असणार, उत्तमकडे तर नक्कीच. माझ्या स्वयंपाकघरात मात्र आला नाही.

मी फोन केला. उचलला एका मुलीने. "सर जरा बिझी आहेत. कोण बोलतंय?"

स्वतःचा फोन बायकोलाही न देणारा हा माणूस. मी नाव न सांगता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेले. चरईतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरची खोली हे आमचं ऑफिस. दार एका पोरीने उघडलं, हातावर गोंदवलेलं, गळ्यात हेडफोन. तिच्यामागे सुधीर खुर्चीत बसला होता, माझ्यापासून पाच-सहा पावलांवर.

"कोण आलंय, शिवानी?" त्याने विचारलं.

मी दारात उभी होते. समोर. आणि तो तिला विचारत होता.

"मी आलेय," मी म्हणाले.

"मंदा? अरे वा. ये, बस ना." असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता. कोर्टात असे साक्षीदार मी पोत्याने पाहिलेत. नजर वर गेली की समजायचं, आता खोटं येणार.

"काय चाललंय सध्या?"

"काही नाही गं. जुनं आवरतोय."

ती पोरगी चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवला नाही. त्याचा हात हातात घेऊन, बोटं कपाच्या कानात अडकवून दिली आणि हळूच म्हणाली, "गरम आहे हां सर." माझ्यासमोर. वयाची तरी लाज बाळगावी माणसाने. मी गेल्या वर्षी केस रंगवायचे सोडले आहेत. डोकं पांढरं शुभ्र झालंय. वाण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी त्यावर काहीतरी म्हटलं. नटीच्या ब्लाउजचं एक बटण बदललं तर ओरडणारा सुधीर मात्र एक अक्षर बोलला नाही.

परतताना माझं मत पक्कं झालं. या पोरीने त्याला गुंडाळलंय. आधी फोन हातात घेतला, मग माणूस, उद्या 'खाडीकाठ' हे नावही घेईल. आणि जुनी माणसं अडचणीची, म्हणून आधी मला काढलं. मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं. त्या कंपनीपलीकडे माझ्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

उत्तमच्या घरी फोन केला तर सुनेने भाबडेपणाने सांगून टाकलं की, बाबा कोलशेतच्या जुन्या घरी आहेत, शूटिंगला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा करून थेट खाडीपर्यंत गेले.

उत्तमचं जुनं घर मला पाठ होतं. मागल्या पडवीतून आत शिरले आणि दिव्यांच्या मागे अंधारात उभी राहिले. विमलाबाईंनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. समोर चूल-मोरीची खोली लावली होती. एक चाळिशीची नटी स्टोव्हपाशी बसून भाकरी थापत होती. नवरा आखातातून परत येतोय असं शेजारच्या बायांकडून कळलेलं, आणि ही उठत नाही, भाकऱ्याच करत राहते, असं काहीतरी दृश्य होतं. सुधीर मॉनिटरसमोर बसला होता, कानाला हेडफोन. ती शिवानी त्याच्या कानाशी लागून सारखी कुजबुजत होती.

एक शॉट झाला. सुधीरने विचारलं, "उत्तम?"

"ओके आहे सर."

"ओके," सुधीर म्हणाला.

ओके कसलं? बाजूच्या टेबलावर शिवानीचा टॅब उघडा होता. त्यावर दृश्याच्या सुरुवातीचा फोटो होता. त्यात नटीचं मंगळसूत्र साडीवर होतं. आता स्टोव्हच्या ज्वाळेवर लोंबू नये म्हणून तिने ते ब्लाउजच्या आत टाकलं होतं. बायका टाकतातच. पण पडद्यावर ते बाहेरून आपोआप आत जात नाही. शाळकरी पोराला दिसेल अशी चूक, आणि सुधीर ओके म्हणतो? मला वाटलं, याला विकत घेतलंय. आता याला कशाचीच पडलेली नाही.

पुढचा शॉट सुरू झाला. मी सुधीरच्या पाठीमागे सरकले, मॉनिटर दिसेल अशी. नटी भाकरी उलटत होती आणि मध्येच मॉनिटर बंद पडला. बॅटरी गेली असणार. पडदा काळा ठिक्कर. शिवानीने उत्तमकडे बघितलं. उत्तमने कॅमेऱ्यामागूनच हाताने खूण केली, गप्प राहा. सुधीर त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून, थोडा पुढे वाकून बघत राहिला. शॉट संपला.

"छान," तो म्हणाला. "चेहऱ्यावर उजेड काय सुरेख पडलाय, नाही?"

"हो सर," उत्तम म्हणाला.

मी पडवीत जाऊन कठड्यावर बसले. माझे सगळे पुरावे माझ्याभोवती गोळा झाले, फोन, चहाचा कप, भिंतीकडे गेलेली नजर, माझे पांढरे केस, आणि प्रत्येकाचा अर्थ एकच होता.

उत्तम मागोमाग आला. "काचबिंदू. दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "आता नुसता उजेड-अंधार कळतो त्याला."

"सगळ्यांना माहितीय?"

"युनिटला माहितीय. आम्हाला माहितीय ते त्याला माहीत नाय. त्याला वाटतं फक्त शिवानीला, त्याच्या असिस्टंटला, ठावं आहे. ती कानात सांगते, काय चाललंय ते."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

उत्तमने खाली बघितलं. "मी बोललेलो त्याला, मंदाताईंना आणूया. तो बोलला, मंदाला बोलवायचं नाही. ती पहिल्या दिवशी पकडेल."

"ते मंगळसूत्र आत गेलंय, ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना. सकाळीच दिसलं. शिवानी पण बोलली. पण कोण सांगणार त्याला, की तुमच्या समोर होतं नि तुम्हाला नाय दिसलं? राहू दे ताई. त्याचा शेवटचा पिक्चर आहे. होऊ दे ना सुखाने."

एवढी माया की तिच्यात त्याचा चित्रपट बुडत होता. माझ्या संशयापेक्षा ही माया मला जास्त भयंकर वाटली.

मी आत गेले आणि शिवानीला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. पोरगी मुकाट्याने उठली. तिचे डोळे भरलेले होते. मी तिच्या स्टुलावर बसले.

"कोण?" सुधीर म्हणाला.

"या वेळी गोष्ट सांगायला आला नाहीस."

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"गोष्ट सांगताना मी तुझ्या तोंडाकडे बघायचो," तो म्हणाला. "तू लाटणं थांबवलंस की कळायचं, इथे जमलंय. तू नाक मुरडलंस की ते मी परत लिहायचो. या वेळी येऊन काय बघणार होतो?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आता आलीच आहेस तर सांग," तो म्हणाला. "आत्ताचा शॉट कसा झाला?"

सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. उत्तमने मान हलवली, नको. विमलाबाईंनी हात जोडल्यासारखे केले.

"मंगळसूत्र आत आहे," मी म्हणाले. "सीनच्या सुरुवातीला बाहेर होतं."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

नटीचा हात नकळत गळ्याशी गेला. सुधीर हलला नाही. त्याला काय कळत होतं ते मला दिसत होतं. सकाळपासूनचा प्रत्येक ओके त्याला आठवत असणार, उत्तमचा, शिवानीचा, सगळ्यांचा. इतकी माणसं एकाच वेळी चुकत नाहीत, हे कळायला डोळे लागत नाहीत. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा उठेल, आणि 'खाडीकाठ' इथेच संपेल, माझ्या हातून.

"उत्तम," शेवटी तो म्हणाला.

"सर."

"सर काय? सुधीर म्हणायचास ना मला?"

उत्तमने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"सकाळपासूनचं सगळं परत घ्यायचं," सुधीर म्हणाला. मग माझ्याकडे वळला, म्हणजे माझा आवाज आला होता तिकडे. "फ्रेममध्ये काय काय आहे? डावीकडून सांग. सजवू नकोस."

मी सांगायला लागले. भिंत, चुन्याची, ओल आलेली. खुंटी, खुंटीला पिशवी. स्टोव्ह, तवा, परातीत पीठ. बाई, हिरवी साडी, पदर डोक्यावरून घसरलेला. मागे खिडकी, अर्धी उघडी, खिडकीतून खाडी.

"पाणी आहे की चिखल?"

"चिखल. ओहोटी आहे."

त्याने थोडा विचार केला. "नवरा येणार आहे तिचा. मागे चिखल नको. भरती येईपर्यंत थांबू."

दिवे विझवले. विमलाबाईंनी नटीचं मंगळसूत्र बाहेर काढून नीट साडीवर ठेवलं. मग सगळे मिळेल तिथे टेकलो आणि पाणी यायची वाट बघत बसलो.